मटण खिम्याचा छोटा मीटलोफ: कोरडा का पडतो आणि मऊ कसा राहतो

कोथरूडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरात तिघंच: त्या, त्यांचे यजमान आणि सासूबाई. ओटीजी (घरगुती छोटी विजेची भट्टी) लहान. अमेरिकेतल्या एका कृतीवरून अर्धा किलो मटण खिम्याचा मीटलोफ, म्हणजे खिम्याला पावासारखा लांबट आकार देऊन भट्टीत भाजलेला पदार्थ, केला. वरून छान दिसला, पण कापायला घेतला तर भुगा पडला, घास कोरडा लागला आणि ट्रेमध्ये पाणी साठलं. सासूबाईंचे दात नीट नाहीत, त्यांनी दोन घास खाऊन बाजूला ठेवला. शिवाय मटणात दूध घातलेलं त्यांना चालत नाही. आखाड संपायच्या आत एका पावसाळी संध्याकाळी पुन्हा करायचा आहे. पुढच्या वेळी अंडी दोन घालू का, म्हणजे घट्ट बांधला जाईल?

ताई, अंडं वाढवू नका. एवढ्या खिम्याला एक अंडं पुरतं. दुसरं घातलंत तर तुकडे होणं थांबेल, पण लोफ रबरासारखा होईल आणि सासूबाईंना आणखी त्रास होईल. तुमचा लोफ सुटला तो बांधणी कमी पडली म्हणून नाही. त्यात ओल धरून ठेवणारं काही नव्हतं, म्हणून सुटला. मी घरगुती बेकिंगचे वर्ग घेते, आणि मीटलोफची तक्रार घेऊन जे कोणी येतं त्यांच्याशी बोलताना बहुतेक वेळा मसाल्यापाशी सुरुवात होते आणि शेवटी गाडी पाव आणि चरबीवर येऊन थांबते.

मूळ कृती ज्या मांसासाठी लिहिलेली असते ते आधी बघा. अमेरिकेत मीटलोफ गाईच्या मांसाच्या खिम्याचा करतात, आणि त्यात साधारण वीस टक्के चरबी असलेला खिमा घ्यावा असं बहुतेक कृती सांगतात. १९३० च्या दशकातल्या महामंदीत हा पदार्थ तिथे घरोघरी रुळला, कारण थोडं मांस, शिळा पाव आणि कांदा एवढ्यावर सगळ्या घराचं जेवण निघत असे. म्हणजे पाव हा त्यात भर म्हणून आला, पण पदार्थ मऊ राहतो तो त्या पावामुळेच. आपल्याकडे मटण म्हणजे बोकड. बोकडाचं मांस मुळात चरबीला कमी, तंतू चिवट, आणि खांद्या-मांडीत पांढरे पडदे बरेच. तुम्ही तिकडच्या कृतीतलं पाव-दुधाचं प्रमाण कमी केलंत (दूध चालत नाही म्हणून बहुधा वगळलंतच) आणि खिमा मात्र कमी चरबीचा घेतलात. कोरडा होणारच.

आता खिम्यापासून सुरुवात करू. तयार करून ठेवलेला खिमा घेऊ नका. मटणवाल्याला समोर मांडीचं किंवा खांद्याचं हाडाशिवायचं साडेचारशे ग्रॅम मटण काढायला सांगा, त्यातल्या शिरा आणि पांढरे चामट पडदे काढून टाकायला सांगा, आणि वर पन्नास ग्रॅम चरबी वेगळी मागा. मग सगळं एकत्र मशीनमधून दोनदा काढून घ्या. गाईच्या मांसाला एकदा काढलेला जाड खिमा चालतो. बोकडाला दोनदाच हवा, कारण ते चिवट पडदे विरघळायला कित्येक तास मंद शिजवावं लागतं आणि मीटलोफ भट्टीत तासभरही नसतो. जे काम आचेने होणार नाही ते पात्याकडून करून घ्यायचं. सासूबाईंसाठी ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची आहे. त्या पैशांत थोडी हाडंही मागून घ्या, नळी मिळाली तर उत्तम. ती कशाला, ते पुढे सांगते.

खिमा घरी आणून नळाखाली धुवायची आपल्याकडे सवय आहे. खिमा धुवायचा नाही. दळलेलं मांस पाणी धरून बसतं, कितीही पिळलं तरी राहतं, आणि तेच पाणी पुढे तुमच्या ट्रेमध्ये दिसतं. धुतल्याने जंतू मरत नाहीत, उलट सिंकभर उडतात. ते मरतात नीट शिजवल्यावर. धुतल्याशिवाय मन घेतच नसेल तर दुकानातच सबंध तुकडे धुऊन, कोरडे पुसून मग मशीनमध्ये घालायला सांगा. घरी आणल्यावर खिमा लगेच फ्रिजमध्ये. उन्हाळ्यात पुण्यात पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा तर पिशवीत बर्फ टाकूनच आणा. बत्तीस अंशांच्या वर हवा असेल तर कच्चं मांस तासाभराहून जास्त बाहेर राहू नये. शिवाय खिमा कोमट झाला की चरबी हाताला लागून पसरते आणि आत राहायची ती बाहेर येते.

दुधाचं म्हणाल तर वाद घालायची गरजच नाही. दुधाऐवजी अळणी, म्हणजे हाडं उकळून काढलेलं पाणी, घ्या. हाडं, थोडं आलं, दोन लसूण पाकळ्या, चिमूटभर हळद आणि बुडतील इतकंच पाणी कुकरला लावा, दोन-तीन शिट्ट्यांनंतर मंद आचेवर अर्धा-पाऊण तास ठेवा. गाळून वाटीत काढा आणि रात्रभर फ्रिजमध्ये राहू द्या. सकाळी वर चरबीचा पांढरा थर दिसेल, खाली अळणी थरथरत्या जेलीसारखी घट्ट झालेली असेल. नळीतलं आणि सांध्यांतलं जिलेटिन पाण्यात उतरलं की ती अशी गोठते. जेली पातळ वाटली तर अळणी उघडी उकळून निम्मी आटवा आणि पुन्हा गार करा. ही जेली लोफमध्ये गेली की गार असताना घट्ट असते, भट्टीत वितळते आणि घासागणिक तोंडात रस सुटतो. दूध घालून केलेल्या लोफपेक्षा मला हा जास्त आवडतो, आणि चव सरळ आपल्या घरची लागते.

दोन लादी पाव घ्या, साधारण साठ-सत्तर ग्रॅम. वरची तपकिरी पापुद्र्याची बाजू काढून टाका, बाकीचा हाताने बारीक कुस्करा. कालचा पाव असेल तर जास्त चांगला. पॅकेटमधला कोरडा ब्रेडचा चुरा मी या कामाला वापरत नाही. तो कमी फुगतो आणि लोफला दाणेदार करतो. बेकरीतले गोड टोस्ट कुटून घालू नका, त्यांत साखर असते. कुस्करलेल्या पावावर अर्धी वाटी, म्हणजे शंभर मिली अळणी जेली घाला, हलकी कोमट करून. दहा मिनिटं ठेवा आणि बोटांनी चुरून एकजीव लगदा करा. गुठळी राहू द्यायची नाही, नाहीतर कापल्यावर पांढरे ठिपके दिसतात. शिजताना मांसाचे तंतू आकसतात आणि आपलं पाणी पिळून बाहेर टाकतात. हा लगदा तंतूंच्या मधे बसतो, त्यांना एकमेकांना घट्ट धरू देत नाही, आणि जे पाणी सुटतं ते पावातला स्टार्च धरून ठेवतो.

कांदा कच्चा घालू नका. मध्यम कांदा अगदी बारीक चिरा, चमचाभर लोण्यावर किंवा तुपावर मंद आचेवर मऊ, पारदर्शक आणि कडेने किंचित सोनेरी होईपर्यंत परता, शेवटी तीन लसूण पाकळ्या ठेचून घाला. कच्चा कांदा आतच पाणी सोडतो आणि त्याचे तुकडे जिथे असतात तिथेच काप फुटतो. मशरूम मिळाले तर पाच-सहा बारीक चिरून त्याच कढईत, पाणी पूर्ण आटेपर्यंत परतून घ्या. चव खोल होते आणि ओलही राहते. हे सगळं पूर्ण गार झाल्याशिवाय खिम्यात जाता कामा नये. गरम कांद्याने चरबी वितळली की मेहनत वाया गेली.

आता एक गोष्ट बजावून सांगते, कारण आपल्याकडे मटण म्हटलं की हात आपोआप तिकडे जातो: कच्ची पपई लावायची नाही, आणि कच्चं आलं वाटून घालून खिमा मुरवत ठेवायचा नाही. दोन्हींमध्ये प्रथिनं तोडणारे घटक असतात. शीग कबाबाला त्याचा उपयोग होतो, पण मीटलोफ भट्टीत हळूहळू तापतो आणि तेवढा वेळ पपईचं काम चालूच राहतं. मांस मऊ न होता पिठूळ होतं आणि काप उभा राहत नाही. आल्याची चव हवी असेल तर ते अळणीत उकळून आलंच आहे.

गरम मसाला घालावा का, हेही बरेच जण विचारतात. माझं मत: घालू नये. तो घातला की हा पदार्थ मोठा शामी कबाब होतो, आणि त्यापेक्षा खरा शामी कबाब केलेला बरा. मीटलोफची चव मांसाची, परतलेल्या कांद्याची आणि मिऱ्याची असावी. पाऊण चमचा भरड मिरी, जायफळाची चिमूट, अर्धा चमचा सुकं थाईम, दोन चमचे वूस्टरशायर सॉस (नसेल तर एक चमचा सोया सॉस), एक मोठा चमचा केचप. तिखट लागणारं घर असेल तर एक हिरवी मिरची बी काढून कांद्याबरोबर परता. मीठ सपाट सव्वा चमचा, सात ग्रॅमच्या आसपास. चमचा म्हणजे चहाचा.

मिसळायचा क्रम सांगते, कारण निम्मं यश त्यातच आहे. मोठ्या पातेल्यात आधी पावाचा लगदा, अंडं, गार कांदा, मीठ, मिरी, सॉस हे सगळं नीट फेटून एकजीव करा. खिमा सगळ्यांत शेवटी, फ्रिजमधून काढल्याबरोबर, तुकड्या-तुकड्यांनी वर पसरा. मग बोटं फाकवून खालून वर उचलत मिसळा. मळायचं नाही, मुठीत दाबायचं नाही. मीठ लागलेलं मांस मळलं की त्यातली प्रथिनं बाहेर येऊन चिकट होतात आणि शिजल्यावर सॉसेजसारखी करकरीत घट्ट बसतात. सॉसेजमध्ये तेच हवं असतं, इथे नको. पांढरा लगदा वेगळा दिसेनासा झाला की हात काढून घ्या. मिनिटभराचं काम आहे. मिश्रण हाताला ओलसर, सैल वाटेल, गोळा अंगठ्याने दाबला तर सहज खचेल. नवख्या माणसाला हे जरा घाबरवतं आणि तो आणखी पाव कोरडाच टाकतो. टाकू नका.

चमचाभर मिश्रण तव्यावर थापून भाजून चाखा. कच्चं चाखायचं नाही, आणि न चाखता भट्टीत घालायचं नाही. मीठ-मिरी इथेच सुधारता येते, नंतर नाही.

आकार. एवढ्या मिश्रणासाठी अर्ध्या किलोचा केकचा लांबट डबा पुरतो, पण मी डब्याऐवजी ट्रेवर हातानेच लोफ घडवायला सांगेन. डब्यात लोफ स्वतःच्या रसात उकडतो आणि फक्त वरची बाजू भाजली जाते. ट्रेवर चारपैकी तीन बाजूंना रंग येतो, जास्तीची चरबी वाहून जाते आणि वेळही कमी लागतो. बटर पेपरवर अठरा सेंटीमीटर लांब, दहा रुंद आणि पाच उंच असा लांबट आकार द्या, मधे फुगवटा ठेवू नका, ओल्या हाताने सगळीकडून गुळगुळीत करा. भेगा जिथे राहतात तिथेच पुढे फाटतं. मधे उकडलेली अंडी ठेवायची जुनी युरोपी पद्धत आहे आणि काप दिसतात छान, पण इतक्या लहान लोफमध्ये अंड्याभोवती मांसाची भिंत पातळ राहते आणि कापताना तीच फुटते. मोठा लोफ कराल तेव्हा ठेवा. घडवलेला लोफ अर्धा तास फ्रिजमध्ये बसू द्या.

ओटीजी पंधरा मिनिटं आधी १८० अंशांवर तापवा, खालचा-वरचा दोन्ही कॉइल चालू. लहान ओटीजीत वरचा कॉइल अगदी डोक्यावर असतो, म्हणून ट्रे खालच्या खाचेत ठेवा आणि अर्ध्या वेळाने फिरवून घ्या, मागची बाजू नेहमी जास्त भाजते. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर १७० पुरे. ट्रेवरचा लोफ चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत होतो, डब्यातला पन्नास ते साठ. पण घड्याळावर विसंबू नका. एक साधा टोचायचा डिजिटल थर्मामीटर घ्या, फार महाग नसतो. मधोमध टोक नेऊन ७१ अंश दिसले की काढा. सबंध तुकड्यात जंतू बाहेरच्या बाजूला असतात, खिम्यात मात्र दळताना ते आतपर्यंत जातात, म्हणून मधला भाग ७१ ला पोचलाच पाहिजे. आणि त्याच्या पलीकडे ऐंशी-पंच्याऐंशीला नेलात तर कितीही अळणी घातली असली तरी रस निघून जाणार. तुमचा मागचा लोफ मला वाटतं बराच पुढे गेला होता. ट्रेमधल्या पाण्यात पांढरट साका दिसला असेल तर ती त्याचीच खूण. रंगावर जाऊ नका. शिजलेला खिमासुद्धा कधी कधी आत गुलाबी राहतो आणि तपकिरी दिसणारा कच्चा असू शकतो.

वरचा लेप साखरेचा असतो, म्हणून तो शेवटच्या पंधरा मिनिटांतच लावायचा, आधी लावला तर कॉइलखाली करपतो. पाव वाटी केचप, चमचाभर व्हिनेगर, अर्धा चमचा मोहरीची पेस्ट आणि चमचाभर किसलेला गूळ. आपल्याकडचं केचप गोडच असतं, त्यामुळे गूळ याहून वाढवू नका, व्हिनेगर हवं तर वाढवा. दोन थरांत लावा, मधे सात-आठ मिनिटं जाऊ द्या. चकचकीत, जरासा बुडबुडलेला आणि कडेला गडद झाला की जमला.

बाहेर काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं हात लावू नका. गरम असताना आतला रस पातळ असतो, सुरी लागली की वाहून जातो आणि काप ढासळतो. थोडा निवला की जिलेटिन आणि स्टार्च दोन्ही जरा घट्ट होतात. पाव कापायची दातेरी सुरी घ्या आणि बोटभर जाडीचे काप करा. ताटं मात्र गरम हवीत. बोकडाची चरबी डुकराच्या चरबीपेक्षा जास्त तापमानाला वितळते, म्हणजे तितक्याच लवकर गोठते, आणि गार ताटात पडली की टाळूला चिकटते. ताटं पाच मिनिटं बंद केलेल्या ओटीजीत ठेवली तरी पुरे.

सासूबाईंच्या ताटात मधले काप वाढा, कडेचे भाजलेले तुम्ही घ्या. त्यांच्यासाठी ग्रेव्ही करा: चमचाभर लोण्यात चमचाभर मैदा बदामी परता, उरलेली अळणी आणि ट्रेमधला रस वाटीभर भरेल इतका घाला, गुठळ्या मोडत पाच मिनिटं उकळा, मिरी घाला. सोबत उकडलेला बटाटा गरम असतानाच चाळणीवरून घासून, लोणी आणि थोडी अळणी घालून फेटलेला. मिक्सरमध्ये फिरवू नका, चिकट होतो. पावसाळ्यात पुरंदर-सासवडकडचा मटार बाजारात येतो, तो नुसता मिठाच्या पाण्यात वाफवून लोण्यात घोळवा. याहून जास्त काही मांडू नका. पोळी नको, भात नको. बाहेर पाऊस असताना एवढं गरम ताट तिघांना पोटभर होतं.

सासूबाईंना भाजलेलं चावतच नसेल तर दुसरा मार्ग आहे, आणि भट्टी नसलेल्या घरांनाही तो लागू पडतो. हेच मिश्रण तूप लावलेल्या डब्यात हलक्या हाताने भरा, वर फॉईल घट्ट बांधा आणि मोदकपात्रात किंवा शिट्टी काढलेल्या कुकरमध्ये मध्यम वाफेवर चाळीस-पन्नास मिनिटं उकडा. इथेही मधे ७१ अंशच बघायचे. पूर्ण निवू द्या, काप करा, ज्यांना खमंग हवा त्यांचे काप तव्यावर लोण्यात दोन्ही बाजूंनी भाजा, सासूबाईंना उकडलेलाच ग्रेव्हीत द्या. अँग्लो-इंडियन घरांतही वाफेवरचा लोफ होतो. रंग कमी येतो, पण मऊपणात भट्टीतल्या लोफहून सरस.

चिकनचा करायचा झाला तर छातीचा खिमा घेऊ नका, मांडीचा घ्या, अळणी पाऊणशे मिलीवर आणा कारण चिकन मुळातच ओलं असतं, आणि मधलं तापमान ७४ पर्यंत न्या. चरबी वेगळी लागत नाही, कांदा परतताना लोणी एक चमचा वाढवलं की झालं.

उरलेला लोफ दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे, तिथे तीन-चार दिवस राहतो. फ्रीझरला ठेवायचा तर कापून, एकेक काप वेगळा गुंडाळून ठेवा, म्हणजे सासूबाईंपुरता एकच काढता येतो. पुन्हा गरम करताना कोरडा तापवू नका: काप तव्यात ठेवायचा, दोन चमचे पाणी किंवा अळणी कडेने सोडायची, झाकण घालायचं आणि मंद आचेवर पूर्ण वाफाळेपर्यंत ठेवायचा. सकाळी तोच काप लोण्यावर भाजून, लादी पावात कांद्याच्या चकत्या आणि मोहरीची पेस्ट लावून डब्याला देता येतो. त्यासाठी लेप न लावलेल्या बाजूने भाजा, लेपाची बाजू तव्याला लागली तर गूळ चिकटून जळतो.